दुधात उभा राहिलेला साक्षीदार

मी एक लॅक्टोमीटर बोलतोय. म्हणजे, बोलावं की नाही याचा तीन दिवस विचार करून बोलतोय. मी काचेची एक साधी नळी. दुधात सोडलं की उभं राहायचं आणि मानेवरचा एक आकडा दाखवायचा, एवढंच मला येतं. दूध दाट असेल तर मी वर येतो, पातळ असेल तर खाली जातो. एवढ्याशा कामात कुणाचं वाकडं होईल असं वाटत नाही ना? मलाही वाटलं नव्हतं. पण गेल्या दिवाळीनंतर माझ्या साक्षीमुळे कोल्हापुरातल्या एका गवळ्याचं नाव धुळीला मिळता मिळता राहिलं. साक्ष खोटी नव्हती, आणि माझ्या जिवाला तेच जास्त लागलं आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. काच तापवून फुंकणाऱ्या एका कारागिराने मला फुगवलं, बुडाशी शिशाचे छर्रे भरले आणि मानेत आकड्यांची कागदी पट्टी डिंकाने चिकटवली. या डिंकाने माझी झोप उडवली आहे. तो सुकला आणि पट्टी केसभर जरी सरकली, तरी मला स्वतःला ते कळणार नाही. मी तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचा आकडा सांगत राहीन. असे विद्वान मी पुढे कॉलेजात पुष्कळ पाहिले. त्यांच्या पट्ट्या कधी सरकल्या हे त्यांनाही कळलं नव्हतं.

कॉलेजात मी डॉ. अण्णाप्पा मगदूम यांच्या हाती लागलो. दुग्धरसायनशास्त्राचे प्राध्यापक. उष्णतेने दुधातल्या केसीन या प्रथिनाचं काय होतं, यावर त्यांनी तीनशे बारा पानांचा प्रबंध लिहिला आहे. तो आजवर पाच जणांनी वाचला, त्यात टंकलेखक एक. सर वर्गात मला दोन बोटांत धरून म्हणायचे, "माणूस खोटं बोलेल, हा बोलणार नाही." मुलं माना डोलवायची. मी मात्र आतल्या आत पट्टी चाचपून बघायचो.

सर निवृत्त झाले त्याच वर्षी प्रयोगशाळेने मलाही मोडीत काढलं. यादीत माझ्यापुढे लिहिलं होतं, 'काचेची नळी, निरुपयोगी, नग एक'. सरांनी तीन अर्ज करून मला रीतसर घरी आणलं. राजारामपुरीतल्या त्यांच्या दिवाणखान्यात, शाली आणि सन्मानचिन्हांच्या कपाटात, कापसाच्या गादीवर मी चौदा वर्षं पडून होतो. या चौदा वर्षांत मी एकदाही त्या घराच्या स्वयंपाकघरात गेलो नाही. सरही गेले नव्हते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दिवाळी झाली आणि पुण्याहून नातीचा फोन आला. प्रियदर्शनी तिचं नाव. फोन स्पीकरवर होता.

"आज्जा, तुम्ही दुधाचे डॉक्टर ना? मग चीज करून दाखवा की घरी. आमच्याकडे सगळे करतात, मोबाईलवर बघून."

सरांनी आयुष्यात चीज केलं नव्हतं. चीज कसं होतं हे त्यांनी चाळीस वर्षं शिकवलं होतं, आणि या दोन्हींमध्ये जेवढं अंतर असतं तेवढा घाम त्यांना फुटला. तरी ते म्हणाले, "अगदी सोपं असतं गं. तू जानेवारीत ये, तयार असेल."

मग दुधाची निवड सुरू झाली. चीजचं निम्मं काम दूध निवडण्यात आहे, असं सरांच्याच प्रबंधात लिहिलं आहे. फार तापवलेलं दूध नको, कारण ते गोठत नाही. यंत्राने साय फोडून एकजीव केलेलं नको, त्याचं गोठलेलं दही लुसलुशीत राहून फुटतं. ताजं, निरसं, घट्ट दूध उत्तम. हे सगळं लिहिणाऱ्या माणसाने पहिल्यांदा काय आणावं? सहा महिने टिकणारं खोक्यातलं दूध. का, तर जंतूंची भीती. सरांचं ज्ञान आणि सरांची धास्ती एकाच डोक्यात भाड्याने राहतात, आणि धास्ती जुनी भाडेकरू आहे. त्या दुधाचं अर्थातच काही झालं नाही. दिवाणखान्यातल्या टेबलावर चार तासांनी ते होतं तसंच होतं, फक्त सर थकले होते.

दुसऱ्यांदा पिशवीचं दूध आणलं. त्याचा रवाळ काला झाला. अक्काताईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्यात बेसन घालून धिरडी केली आणि शेजारी वाटली.

दूध गोठवायचं औषधही सरांनी मागवलं होतं. ते पूर्वी वासराच्या पोटातून काढत, असं सरांनी सहज सांगितलं तेव्हा अक्काताईंच्या हातातला झारा खाली पडला. जैनाच्या घरात हे वाक्य कधी, कुठे बोलावं याचं भान तीनशे बारा पानं लिहूनही येत नाही. सर घाईने म्हणाले, "हे तसलं नाही गं. हे एका काटेरी झाडाच्या फुलापासून करतात."

"फूल हाय न्हवं? मग चालतंय," अक्काताई म्हणाल्या. "पर बाटली देवघराच्या बाजूला ठेवू नकासा."

शेवटी सर मुक्कामावर आले. घरी बावीस वर्षं जोतीराम गवळ्याचं म्हशीचं दूध येत होतं. रोज पहाटे तो दारात दूध घालायचा आणि संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन उभा राहायचा. तिथे लोक समोर धार काढून घेतात आणि फेसाळ पेला उभ्या उभ्या रिचवतात. यापेक्षा ताजं दूध कुठलं?

सरांनी फर्मान काढलं. "उद्यापासून दोन लिटर जास्त घे. वेगळ्या किटलीत ठेव. ती चीजची. फ्रिजमध्ये राहू दे, मी फिरून आलो की बघतो."

"ठेवतो की," अक्काताई म्हणाल्या. इकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, मी आलो, मी ठेवतो. त्या बोलल्या तसं त्यांनी अगदी शब्दशः केलंही.

सर रंकाळ्यावरून फिरून आले. चौदा वर्षांनी मला कापसातून काढलं, पुसलं आणि दिवाणखान्यात मागवलेल्या त्या किटलीतल्या दुधात सोडलं. काय सांगू! गार, पांढरंशुभ्र दूध. मी दोनदा डुललो आणि उभा राहिलो. चौतीस.

सरांच्या कपाळावर आठी आली. जोतीरामचं चांगलं दूध तिशीच्या आसपास असायला हवं. पाणी घातलं तर आकडा खाली जातो. वर जातो तो साय काढली तर, कारण साय हलकी असते. सरांनी मला साध्या पाण्यात सोडून तपासलं. मी शून्यावर उभा राहिलो. पट्टी जागेवर होती. मला केवढा आनंद झाला! आपण म्हातारे झालो पण बिघडलो नाही, यासारखं सुख नाही.

त्या दुधाचं चीज झालं नाही. पांढरं पाणी आणि खाली थोडा गाळ. दुसऱ्या दिवशी परत चौतीस, परत गाळ. तिसऱ्या दिवशी साडेचौतीस. दुधाचा वास वेगळा येतोय का, हे सरांना कळायला हवं होतं. पण सत्तर वर्षं त्यांनी घरात एकाच वासाचं दूध प्यायलं होतं. दुधाचा वास म्हणजे हाच, अशी त्यांची पक्की समजूत.

चौथ्या दिवशी सर पहाटे फिरायला गेले नाहीत. दारात उभे राहिले. माझ्यासकट.

"जोतीराम, तीन दिवस दुधातली साय काढलेली आहे."

जोतीरामचा हात किटलीवर होता तिथेच थांबला. "कुणी?"

"ते मी कसं सांगू?"

"बावीस वर्षं घालतोय सर दूध. तुमच्या ल्योकाच्या लग्नात सोळा लिटरची बासुंदी माझ्याच दुधाची झाली. तवा न्हाय काढली साय, आन आता दोन लिटराची काढू व्हय?"

"मी म्हणत नाही. हा म्हणतोय," आणि सरांनी मला पुढे केलं.

असं असतं बघा. माणसाला दुसऱ्या माणसाच्या तोंडावर सांगायची हिंमत नसली, की तो यंत्राचा आकडा सांगतो. मी त्या थंडीत जोतीरामच्या नाकासमोर चमकत होतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्या कांडीला काय कळतंय?"

समोरच्या घरातल्या संयोगिताबाई तुळशीला पाणी घालत होत्या. तुळस तेव्हाच भरपूर भिजली होती, तरी त्या घालत राहिल्या. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की जोतीराम दुधात काहीतरी करतो आणि ते डॉक्टर मगदूमांनी शास्त्राने सिद्ध केलंय. 'साय काढतो' याचं संध्याकाळपर्यंत 'पाणी घालतो' झालं, आणि दुसऱ्या सकाळी 'पावडर'. गल्लीतल्या तीन घरांनी दूध बंद केलं. त्यातल्या एका घरात तर चहाही दूधपावडरीचाच व्हायचा. पण तत्त्वाचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी जोतीराम दूध घेऊन आला नाही. हात हलवत आला.

"सर, कट्ट्यावर गिऱ्हाईक इचारतंय. चार माणसं पेला बघून माघारी गेली. माझ्याकडं इस्टेट न्हाय, एक नाव हाय, तेबी बापानं मिळवल्यालं. आज सांच्याला कट्ट्यावर या. तुमच्या डोळ्यादेखत पिळतो. तुमच्या हातानं घरला न्या. मग बघा काय हुतंय त्ये."

सर गेले. मी घरीच होतो, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सरांनी जाताना तयारी म्हणून ठेवलेला. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

सर रिक्षाने परतले, किटली पोटाशी धरून. "हे घे. पण हात लावू नकोस. थंड झालं की मोजायचं आहे."

अक्काताईंनी आधी घड्याळ बघितलं. "किती वाजता काढलं?"

"पावणेसहा. का?"

"सव्वासहा होऊन गेले की. पंधरा मिनिटं राहिली." आणि त्यांनी किटली उचलली, पंच्यातून दूध पातेल्यात गाळलं आणि गॅस मोठा केला.

"अगं! अगं, हे काय करतेस?"

"तापवतो की. दूध काढल्यापासनं दोन घटकेच्या, म्हंजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत तापलं पायजे. सासूबाईंनी शिकवलंय. लग्न होऊन बावन्न वर्षं झाली, एक दिवस चुकला न्हाय."

सर खुर्चीवर बसले. खुर्ची होती म्हणून बरं. "रोज उकळतेस? चीजचंसुद्धा?"

"मग? निरसं ठेवू व्हय घरात? उकळतो, गार करतो आन तुमच्या किटलीत परत भरून ठेवतो. तुम्हीच म्हणलासा, वेगळं ठेव म्हणून."

"आणि... साय?"

"साय काढून ठेवतो. पोरगी जानेवारीत येणार, तिला तूप नको? चीजला काय करायची साय?"

"मला सांगितलं नाहीस!"

"तुम्ही इचारलासा?"

दूध वर आलं. अक्काताईंनी गॅस बारीक केला. सरांच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या पातेल्यात उकळत होतं. उकळलेल्या दुधात इतर प्रथिनं केसीनला जाऊन चिकटतात, आणि मग कुठलंही फूल ते गोठवू शकत नाही. हे वाक्य सरांनी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. ते त्यांच्या घरात रोज सकाळी घडत होतं, त्यांच्यापासून दोन खोल्यांवर. आणि मी? मी चौतीस म्हणालो ते बरोबर होतं. साय खरंच काढलेली होती. ती कोणी काढली, हे माझ्या पट्टीवर लिहिलेलं नसतं. पण मग आकडा सांगताना मी इतका ताठ कशाला उभा राहिलो?

सर त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी बसून त्यांनी जोतीरामला दिलगिरीचं पत्र लिहिलं. चार मसुदे झाले. तिसऱ्यात दोन संदर्भग्रंथ होते. अक्काताईंनी चारही उचलले आणि रद्दीत टाकले.

"कागुद कशाला? तोंडानं बोललासा, तोंडानंच फेडा. आन गल्लीत न्हाय, कट्ट्यावर. नाव तिथं गेलंय त्याचं."

त्या संध्याकाळी सर कट्ट्यावर गेले. खिशात मी, पिशवीत मोजायचा उभा काचेचा जार, आणि अक्काताईंनी घडी करून दिलेला पांढरा पंचा. म्हशी रांगेत उभ्या होत्या. जोतीरामच्या म्हशीसमोर मात्र कुणी नव्हतं.

सर त्याच्यासमोर उभे राहिले. बोलायचं म्हणून खाकरले. शेजारचे दोघे-तिघे वळले, मग आणखी वळले. कोल्हापुरात कुणी माफी मागणार असेल तर गर्दी जमायला हाक मारावी लागत नाही.

"जोतीराम, चुकलं माझं. साय आमच्याच घरात निघत होती. तुझं दूध चोख होतं."

जोतीराम म्हशीजवळ गेला. खाली बसला, पेल्यात सरळ धार काढली आणि फेसाने भरलेला पेला सरांपुढे धरला.

"प्या."

निरसं दूध पिऊ नये, यावर सरांनी वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली आहेत. कुठकुठले जंतू, त्यांची लॅटिन नावं, सगळं त्यांना तोंडपाठ. ती सगळी नावं त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेलेली मी पाहिली. मग त्यांनी पंचा पेल्यावर धरला, दुसऱ्या पेल्यात दूध गाळलं, डोळे मिटले आणि एका दमात प्यायले. वर पांढरी मिशी उमटली. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, दमानं की!"

"आता त्ये काढा," जोतीराम म्हणाला.

"काय?"

"कांडी. खिशात हाय न्हवं? घाला समद्यांच्या म्होरं."

सरांनी जारमध्ये ताजं दूध घेतलं आणि मला सोडलं. मी खाली गेलो. आणखी खाली गेलो. अंगाभोवती फेस, दूध म्हशीच्या अंगाइतकं गरम. मला वर येता येईना. सव्वीस.

"सव्वीस म्हंजे?" मागून कुणीतरी विचारलं.

"तीसच्या खाली. पाणी आसणार," दुसरा म्हणाला.

जोतीरामचा चेहरा पडला. मला वाटलं, आता फुटावं. खाली दगडी फरशी होती, फक्त सरांचा हात सुटायला हवा होता. दुसऱ्यांदा मी त्याच माणसाचं नाव घालवत होतो, आणि या वेळीही आकडा खराच होता.

पण सर ओरडले. सर ओरडलेले मी पहिल्यांदा ऐकले. "कुणी हलायचं नाही! दूध गरम आहे, फेस निवलेला नाही. अर्धा तास थांबायचं. तोवर ह्याचं कुणी ऐकायचं नाही!"

'ह्याचं' म्हणजे माझं. भर कट्ट्यावर, चाळीस वर्षांच्या सोबतीनंतर.

लोक थांबले. म्हशींचे भाव, उसाचा दर, कुणाचं लग्न मोडलं, सगळं झालं. जोतीराम म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. अर्ध्या तासाने सरांनी मला परत सोडलं. दूध निवलं होतं. मी हळूहळू वर आलो आणि थांबलो.

"तीस," सर म्हणाले. "तीस. बघा, ज्याला बघायचं त्याने स्वतः येऊन बघा."

सात-आठ माणसांनी वाकून पाहिलं. शेवटी जोतीरामने पाहिलं. मग तो म्हणाला, "काकूंनी काढली व्हय साय? मग तीन दिवस चोराच्याच हातचं जेवलासा की सर!" आणि कट्टा खो खो हसला. सरही हसले, जरा उशिरा.

गल्लीत मात्र असं झालं नाही. आरोप दारोदार आपणहून गेला होता. माफी सरांना पायी न्यावी लागली. दोन घरांनी दूध परत सुरू केलं. संयोगिताबाई म्हणाल्या, "नाही हो, तसं काही नाही. पण आता पिशवीचंच बरं पडतंय." त्यांच्या दारात जोतीराम पुन्हा कधी थांबला नाही.

त्यांचं ते बंद पडलेलं लिटर आता आमच्या घरी येतं. सरांनीच तसं सांगितलंय. त्याचं चीज होतं. तहही झाला आहे: दूध दोन घटकेच्या आत गॅसवर जातं, म्हणून अक्काताईंचं समाधान, ते उकळत नाही, त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास राहतं, म्हणून केसीनचं समाधान. त्यासाठी एक नवा डिजिटल तापमापक आणलाय. टीं टीं करतो. लाजलज्जा नाही.

मग दूध कोमट झालं की ताकाचा चमचा, फुलाचं औषध, तासाभराने सुरीने चौकोनी काप, पंच्यात निथळणं आणि वर वरवंट्याचं वजन. चीज होतं. रोज होतं. प्रियदर्शनी जानेवारीत आली, चाखून म्हणाली, "छान आहे आज्जा. पनीरसारखं लागतं." सरांनी तो अभिप्राय वहीत लिहून ठेवला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. आता ते खाणार कोण, हा प्रश्न आहे. सर वड्या बांधून गल्लीत वाटतात. जोतीरामलाही देतात.

"सर, माझंच दूध मला वाळवून देताय व्हय?" तो म्हणतो, पण घेऊन जातो.

माझा मुक्काम आता ओट्यावर, झाऱ्या-पळ्यांच्या डब्यात. कपाटात होतो त्यापेक्षा इथे जास्त कळतं. सर मला दुधात सोडण्याआधी एकदा हाक मारतात, "अगं, याचं काय काय केलंयस?" आणि अक्काताई आतून सगळं सांगतात, मोजून-मापून. त्यानंतरच माझी पाळी येते. हाच क्रम चाळीस वर्षांपूर्वी लावला असता तर, असं मनात येतं. पण मी कोण सांगणारा?

तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेलच, आकडा दाखवणारं. त्याला हातात धरून कुणाच्या दारात उभं राहण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात एक चक्कर मारा. म्हातारा आहे, जास्त बोललो असेन तर पोटात घाला.

सकाळी जोतीराम येतो. किटली सरांच्या हातात देत नाही, अजून नाही. उंबऱ्यावर ठेवतो आणि समोरच्या घरातही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतो, "काकू, तीस हाय बघा! पुढचं तुमच्या हातात!"

मी डब्यात उभ्या उभ्या ऐकतो. आणि पट्टी जागेवर आहे ना, हे परत एकदा चाचपून बघतो.